चड्डीवाल्या कॅप्टनची पुस्तकं: आधी कुठलं, मग कुठलं?

मागच्या सुट्टीत भाच्यासाठी मी कॅप्टन अंडरपँट्सचं एक पुस्तक घेतलं, कव्हर मजेशीर वाटलं म्हणून, आकडा-बिकडा काही बघितला नाही, आणि ते निघालं आठवं. पोरगं तासाभरात परत माझ्याकडे. "मावशी, हे जांभळं टॉयलेट कुठून आलं? आणि हॅमस्टरला रोबोचं अंग का आहे?" मला काय माहिती! सुरुवातीला कॉमिकमध्ये उजळणी दिलेली असते ती त्याने वाचली होती, पण आधीच्या दोन पुस्तकांत एवढा गोंधळ घातलेला आहे की चार पानांच्या उजळणीत तो मावत नाही. मग मीच बसले आणि सगळी मालिका क्रमाने वाचून काढली, आणि खरं सांगते, पोरापेक्षा मीच जास्त हसले.

तर हा लेख ज्यांच्या घरात हा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी. मुख्य मालिका १२ पुस्तकांची, त्याला चिकटलेली डायपर बेबीची पुस्तकं, डॉग मॅन, कॅट किड, वर सिनेमा आणि सीरियल, आणि प्रत्येकाचं नाव हातभर लांब, त्यामुळे दुकानात उभं राहिलं की डोकं गरगरतं. पण यातली अर्धी भीती उगाच आहे. पहिली पाच पुस्तकं इकडची तिकडे झाली तरी फार बिघडत नाही. सहाव्यापासून पुढे मात्र एक पान इकडचं तिकडे करू नका.

आता ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पिक्वा नावाचं गाव, तिथे जेरोम हॉर्विट्झ एलिमेंटरी नावाची शाळा, आणि तिथे चौथीतली दोन पोरं, जॉर्ज बिअर्ड आणि हॅरल्ड हचिन्स. दोघं अतिशय वांड. शाळेच्या पाट्यांवरची अक्षरं फिरवून भलतंच काहीतरी लिहितात, आणि उरलेल्या वेळात झाडावरच्या घरात बसून स्वतःची कॉमिक्स काढतात, त्यात जॉर्ज लिहितो, हॅरल्ड चित्रं काढतो. त्यांचा हिरो म्हणजे कॅप्टन अंडरपँट्स, अंगात पांढरी चड्डी, मागे लाल केप, बाकी काही नाही. मुख्याध्यापक मिस्टर क्रप हा माणूस पोरांचा जन्मजात वैरी. तो त्यांना एका खोडीत कॅमेऱ्यावर रंगेहाथ पकडतो आणि ब्लॅकमेल करून राबवून घेतो, मग पोरं पोस्टाने एक संमोहन करणारी थ्रीडी अंगठी मागवतात आणि सरांना सांगतात की तुम्ही कॅप्टन अंडरपँट्स आहात. सर कपडे काढतात, खिडकीचा पडदा गळ्यात बांधतात आणि खिडकीतून उडी मारून जग वाचवायला निघतात!

इथून पुढे अख्खी मालिका एका साध्या नियमावर चालते. कोणी चुटकी वाजवली की क्रप सरांचा कॅप्टन होतो, डोक्यावर पाणी पडलं की कॅप्टनचा परत क्रप होतो. हा नियम पहिल्या पुस्तकात बसतो आणि शेवटपर्यंत कामाला येतो, म्हणून पहिलं पुस्तक पहिलं वाचाच, त्यावर चर्चा नको. ते १९९७ साली आलं, छोटंसं आहे, एका बसणीत होतं.

लेखक डेव्ह पिल्की. त्याच्या नावाचं स्पेलिंग विचित्र आहे, शेवटचा ई गायब, कारण तो तरुणपणी पिझ्झा हटमध्ये कामाला होता तिथे नावाच्या बिल्ल्यावर ते अक्षर छापायचं राहिलं आणि त्याने ते तसंच ठेवून दिलं. लहानपणी त्याला एडीएचडी (एका जागी लक्ष लागत नाही, सतत चुळबुळ) आणि डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अक्षरं अडतात), वर्गात दंगा केला की बाई त्याला बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवायच्या आणि तिथे बसून हा कॉमिक्स काढायचा. चड्डीवाला कॅप्टन त्याने दुसरीत असताना रंगवलेला आहे, बाईंच्या तोंडून अंडरवेअर हा शब्द निघाला आणि वर्ग फुटला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या एका शब्दात केवढी ताकद आहे. जॉर्ज आणि हॅरल्ड म्हणजे थोडक्यात तोच.

हे माहीत असलं की पुस्तकांची रचना समजते, आणि रचना समजली की क्रमाचं कोडंही बरंचसं सुटतं. प्रत्येक पुस्तकात दोन थर असतात. वरचा थर म्हणजे लेखक सांगतो ती गोष्ट, साध्या वाक्यांत, पानोपानी चित्रं असलेली. आतला थर म्हणजे जॉर्ज आणि हॅरल्डने काढलेली कॉमिक्स, स्पेलिंगच्या चुकांनी भरलेली, वाकड्या अक्षरांत. पहिलं पुस्तक सोडलं तर पुढच्यांच्या सुरुवातीला या पोरांचं एक छोटं कॉमिक असतं ज्यात "कॅप्टनबद्दलचं टॉप सीक्रेट सत्य" या थाटात मागचं सगळं सांगून टाकलेलं असतं. अंगठी, चुटकी, पाणी, सगळं. ही लेखकाची खरी हुशारी, कारण त्याला पक्कं माहीत होतं की वाचनालयात पहिला भाग कायम कोणीतरी नेलेला असतो. त्यामुळे दुसरं आधी हातात पडलं किंवा चौथं पडलं तरी पोर अडत नाही.

मग पहिल्या पाचांत क्रम पाळून मिळतं काय? मिळतं, पण थोडं. दुसरं, १९९९ चं, बोलणाऱ्या टॉयलेट्सचं. वर्गातला हुशार आणि चुगलखोर मेल्विन स्नीडली एक यंत्र बनवतो जे चित्रातली वस्तू जिवंत करतं, पोरांचं कॉमिक त्यात जातं आणि चावरी टॉयलेट्स शाळेत धुमाकूळ घालतात, त्यांचा म्होरक्या टर्बो टॉयलेट २०००. हे नाव डोक्यात ठेवा, नऊ पुस्तकांनंतर हे महाशय परत येणार आहेत.

तिसरंही १९९९ चंच, आणि त्याचं नाव एकदा मोठ्याने वाचून बघाच: कॅप्टन अंडरपँट्स अँड द इन्व्हेजन ऑफ द इन्क्रेडिबली नॉटी कॅफेटेरिया लेडीज फ्रॉम आउटर स्पेस, आणि एवढ्यावर थांबलेलं नाही, पुढे अँड द सबसिक्वेंट असॉल्ट ऑफ द इक्वली ईव्हिल लंचरूम झॉम्बी नर्ड्स. श्वास संपतो, नाव संपत नाही. परग्रहावरचे तिघं शाळेच्या कँटीनमध्ये बायकांच्या वेशात शिरतात, त्यांची नावं झॉर्क्स, क्लॅक्स आणि जेनिफर. या जेनिफरवर आमच्याकडे दोन दिवस हसणं चालू होतं. पण गंमत सोडा, क्रमाच्या दृष्टीने पाचांतलं सगळ्यात महत्त्वाचं हेच. तोपर्यंत कॅप्टन म्हणजे नुसता चड्डीतला एक जाडजूड माणूस, उडता वगैरे काही येत नाही, केवळ स्वतःबद्दलच्या भलत्या खात्रीवर चाललेला. तिसऱ्यात तो परग्रहवाल्यांचा शक्तिवर्धक रस पितो आणि तेव्हापासून खरोखरच उडायला लागतो. चौथं आधी वाचलं तर पोराला वाटतं की हा सुरुवातीपासूनच उडतो, आणि मग पहिल्या दोघांतला विनोद अर्धा फुकट जातो. म्हणून निदान एक-दोन-तीन सलग वाचा असं मी म्हणेन, हट्ट नाही.

चौथं, २००० चं, माझं सगळ्यात लाडकं. प्रोफेसर पिप्पी पी. पूपीपँट्स नावाचा महाबुद्धिमान शास्त्रज्ञ न्यू स्विसलँड या देशातून येतो, तिथे म्हणे सगळ्यांचीच नावं अशी. वस्तू लहान-मोठ्या करायची यंत्रं त्याने बनवली आहेत, पण त्याचं नाव ऐकलं की समोरचा हसून लोळतो, त्यामुळे त्याला कोणी कामच देत नाही. शेवटी तो या शाळेत शिक्षक म्हणून येतो, पोरंही हसतात, आणि त्याचं टाळकं सटकतं. तो जगातल्या सगळ्यांना नावं बदलायला लावतो. त्यासाठी पुस्तकात एक तक्ता दिलाय, तीन रकाने: पहिल्यात तुमच्या नावाचं पहिलं अक्षर शोधायचं, दुसऱ्यात आडनावाचं पहिलं, तिसऱ्यात आडनावाचं शेवटचं, आणि समोरचे शब्द जोडायचे. जॉर्ज बिअर्डचा होतो फ्लफी टॉयलेटनोज, हॅरल्ड हचिन्सचा चीझबॉल वॉफलफॅनी, आणि क्रप सर होतात लम्पी पॉटीबिस्किट्स. तक्ता अर्थातच इंग्रजी अक्षरांचा, तेव्हा नावं इंग्रजीत लिहून घ्यावी लागतात, पण एकदा का तो पोराच्या हातात पडला की घरातल्या एकाचंही नाव शिल्लक राहत नाही, आजी-आजोबांसकट.

(थोडा स्पॉयलर, ज्याला नको त्याने हा परिच्छेद सोडून पुढे जा.) चौथ्याच्या शेवटी प्रोफेसर तुरुंगात जातो, तिथेही लोक हसतात, म्हणून तो वैतागून नाव बदलतो. नवं नाव टिप्पी टिंकलट्राउझर्स, म्हणजे आगीतून फुफाट्यात. वाचताना हा शेवटचा एक विनोद वाटतो आणि आपण पुस्तक मिटतो. पण नवव्या पुस्तकाच्या नावातच हा टिप्पी आहे, मोठ्ठा, आणि ज्याने चौथं वाचलेलं नाही त्याला कळतच नाही की हा नवा माणूस कोण आणि याला पोरांवर एवढा राग का.

पाचवं, २००१ चं, वेजी वुमनचं (वेजी म्हणजे कोणाची चड्डी मागून वर खेचायची खोडी), म्हणजे वर्गशिक्षिका मिस रिबल बाई खलनायिका होतात. ठीक आहे, हसू येतं, पण मला ते पाचांत जरा कच्चं वाटलं. एवढंच लक्षात ठेवा की बाईंचा स्वभाव या पुस्तकाच्या शेवटी पार बदलतो, त्यामुळे पुढच्या भागांत त्या एकदम गोड का वागतात हा प्रश्न पडला तर उत्तर इथे आहे.

आता सहावं. इथे गाडी रुळ बदलते.

सहावं आणि सातवं ही खरं तर एकाच गोष्टीची दोन पुस्तकं, दोन्ही २००३ ची, नावातच पार्ट वन आणि पार्ट टू लिहिलेलं आहे, तरी लोक एकटं सातवं उचलून आणतात. मी हसत नाही, मी आठवं उचललं होतं. सहाव्यात मेल्विन स्वतःला रोबोबरोबर जोडायला जातो आणि नेमका तेव्हा शिंकतो, की झालं, पोरगा, रोबो आणि शेंबूड यांचं एकत्र मिश्रण. हे इतकं किळसवाणं आहे की मोठ्यांना जेवताना वाचता येत नाही आणि लहानांना जेवताना वाचल्याशिवाय राहवत नाही. भाच्याने विचारलेला रोबोचं अंग असलेला हॅमस्टर, सुलू, तोही याच भानगडीत पोरांकडे येतो. सहावं संपतं ते संकट अर्ध्यावर सोडून. सातव्यात मेल्विनचं आणखी एक यंत्र, काळात मागे-पुढे जाणारं, आणि ते असतं एका जांभळ्या पोर्टेबल टॉयलेटच्या आत. (भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.) पोरं डायनासोरच्या काळात जातात, तिथून क्रॅकर्स नावाचा एक उडता प्राणी सोबत येतो, आणि ते यंत्र लागोपाठ दोन दिवस वापरायचं नाही असं सांगितलेलं असताना पोरं अर्थातच ते वापरतात.

त्याचा परिणाम आठवं, २००६ चं. सातव्याच्या शेवटच्या पानावरून सरळ आठव्यात पाय टाकायचा, मध्ये उंबरठासुद्धा नाही. पोरं अशा जगात पोचतात जिथे सगळं उलटं, क्रप सर प्रेमळ, आणि जॉर्ज-हॅरल्डची दुष्ट जुळी आवृत्ती तिथे राहते. आता विचार करा, ज्या पोराला मूळचे क्रप सर किती खवचट आहेत हेच माहीत नाही त्याला प्रेमळ क्रप सर बघून हसू कशाला येईल? उलट्या जगाचा विनोद सुलट जग पाठ असलं तरच चालतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी तो चालला नाही तो यामुळे.

आठवंही ऐन मोक्यावर तुटतं. आणि मग नववं आलं थेट २०१२ साली. म्हणजे २००६ मध्ये आठ वर्षांचं असलेलं पोर नववं येईपर्यंत चौदा वर्षांचं झालं, मिसरूड फुटायच्या बेताला! त्या पिढीतल्या पुष्कळांना पुढे काय झालं हे माहीतच नाही, मला असे दोघं-तिघं भेटलेत जे ठामपणे सांगतात की मालिका आठच पुस्तकांची आहे. त्यांनी मालिका सोडली यात त्यांची चूक नाही, पण आता घरात लहान कोणी असेल तर नवव्यापासून परत धरायला हरकत नाही, फक्त आधी सातवं-आठवं एकदा चाळून घ्या.

नवव्यात काळाची सर्कस सुरू होते आणि गोंधळ नेमका इथेच उडतो, म्हणून जरा सावकाश सांगते. पुस्तक सुरू होतं आठवं जिथे थांबलं तिथून, पण लगेच लेखक आपल्याला पाच वर्षं मागे नेतो, जॉर्ज आणि हॅरल्ड बालवाडीत असताना, दोघं पहिल्यांदा कसे भेटले ते सांगायला. शाळेत किपर क्रप नावाचा एक दांडगट पोरगा, आपल्या क्रप सरांचाच पुतण्या, आणि त्याचे चेले लहान पोरांना छळत असतात, त्यांना ही चिमुरडी कशी धडा शिकवतात ती गोष्ट. काहींचं म्हणणं असतं की कथेच्या काळाप्रमाणे हे सगळ्यात आधी घडलं, म्हणजे नववं आधी वाचावं. अजिबात नको! कारण त्या जुन्या काळात मध्येच टिप्पी, म्हणजे या पुस्तकाचा खलनायक, टपकतो, इतिहासात ढवळाढवळ होते, क्रप सरांची नोकरी जाते, म्हणजे कॅप्टन कधी जन्मतच नाही, आणि कॅप्टन नाही म्हटल्यावर तिसऱ्या पुस्तकातल्या झॉम्बी नर्ड्सना अडवणारंही कोणी नाही, आणि जग बुडतं. बघा, एका प्रसंगाला पहिलं, तिसरं, चौथं आणि आठवं अशी चार पुस्तकं ठाऊक असावी लागतात. लहान पोराला हा कार्यकारणभाव कळतो का? क्रमाने वाचलेलं असेल तर माझ्यापेक्षा पटकन कळतो, माझ्या भाच्याने मला कागदावर बाण काढून समजावलं.

दहावं, २०१३ चं, नवव्याचा उत्तरार्ध आहे असं समजा, टिप्पीचा पाठलाग तसाच पुढे चालू. अकरावं २०१४ चं, त्यात टर्बो टॉयलेट २००० बदला घ्यायला परत येतं, आणि शिवाय काळाच्या खेळामुळे जॉर्ज-हॅरल्डचे कालचे अवतार आजच्या काळात सापडतात, मग आज शाळेत कोणी जायचं यावर वाटाघाटी होतात, जी कल्पना प्रत्येक शाळकरी मुलाच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेली असते. बारावं २०१५ चं आणि मुख्य मालिकेतलं शेवटचं, सर स्टिंक्स-अ-लॉट म्हणजे शाळेचे पीटीचे सर मिस्टर मीनर. यात पोरं वीस वर्षं पुढे जाऊन मोठेपणीच्या स्वतःलाच भेटतात, दोघांचे संसार, पोरंबाळं बघतात, हॅरल्डच्या संसारात त्याचा नवरा बिली असतो हे लेखक एका ओळीत सहज सांगून पुढे जातो. बारा पुस्तकं या दोघांबरोबर काढल्यावर तो प्रसंग हसता हसता आत कुठेतरी लागतो, तो सुटा वाचून लागणार नाही.

मुख्य रस्ता संपला, आता गल्ल्या.

सुपर डायपर बेबी, २००२ चं. याच्या कव्हरवर लेखक म्हणून जॉर्ज आणि हॅरल्डचं नाव असतं. मगाशी सांगितलेला आतला थर आठवतोय ना, त्यातलंच एक कॉमिक सुटं पुस्तक होऊन बाहेर पडलंय असं समजा. पोरांना शिक्षा म्हणून चांगल्या नागरिकत्वावर शंभर पानी निबंध लिहायला सांगतात आणि ती शंभर पानी कॉमिक देतात, एवढीच प्रस्तावना. पहिलं वाचून झाल्यावर कधीही वाचा. दुसरा भाग २०११ चा, तोही तसाच. २०१० मध्ये याच धाटणीचं ऊक आणि ग्लक नावाच्या गुहेतल्या पोरांचं पुस्तक आलं होतं, पण त्यातलं आशियाई लोकांचं चित्रण वांशिक साचेबंदपणाचं आहे हे लक्षात आल्यावर २०२१ मध्ये प्रकाशक स्कोलॅस्टिकने ते मागे घेतलं, लेखकानेही जाहीर माफी मागितली. तेव्हा संच पूर्ण करायच्या नादात ते शोधत फिरू नका, मुख्य गोष्टीत त्यामुळे कुठेच खड्डा पडत नाही. एक्स्ट्रा क्रंची नावाची दोन पुस्तकं कोडी आणि खेळांची आहेत, प्रवासात बरी.

डॉग मॅन हे प्रकरण मोठं. २०१६ मध्ये पहिलं आलं, म्हणजे कॅप्टन संपल्याच्या पुढच्याच वर्षी, आणि आता बऱ्याच मुलांना कॅप्टनच्या आधी डॉग मॅनच माहीत असतो. पोलिसाचं धड आणि कुत्र्याचं डोकं शस्त्रक्रियेने जोडून झालेला हा हवालदार. हेही जॉर्ज-हॅरल्डने काढलेलं कॉमिक, आणि कॅप्टनच्याही आधीचं, बालवाडीतलं. नवव्या पुस्तकात ते सापडतं. म्हणजे छापून आलं नंतर पण पोरांनी काढलं आधी. याने डोकं खाजवू नका. डॉग मॅन वाचायला कॅप्टन वाचलेला असायची गरज नाही, फक्त सुरुवातीच्या पानांवर ही दोन पोरं कोण आहेत एवढं माहीत असलं की बरं. उलट ज्या मुलाला मजकूर जास्त असला की कंटाळा येतो त्याला मी आधी डॉग मॅनच देईन, कारण ते रंगीत आणि पूर्ण कॉमिक आहे, कॅप्टनमध्ये परिच्छेद असतात.

डॉग मॅनच्या आत मात्र क्रम पाळा, निदान तिसऱ्यापासून तरी. पहिल्या दोनांत पीटी नावाचा बोका साधासुधा खलनायक असतो. तिसऱ्यात तो स्वतःचा क्लोन बनवायला जातो आणि बाहेर पडतं एक निरागस पिल्लू, लिल पीटी, आणि तिथून पुढे पुस्तकागणिक हा बोका हळूहळू बाप होत जातो. एवढ्या वात्रट पुस्तकांत ही गोष्ट कुठून घुसली कोण जाणे, पण ती पुढे-मागे वाचली तर पीटी एका पुस्तकात तुरुंगात आणि दुसऱ्यात प्रेमळ, असं काहीतरी दिसतं आणि मुलं विचारतात हा चांगला आहे की वाईट. यात ८०-एचडी नावाचा एक रोबो आहे, ते नाव इंग्रजीत भराभर म्हणून बघा, लेखकाला लहानपणी काय होतं ते ऐकू येईल. २०२४ च्या शेवटी तेरावं पुस्तक आलं. कॅट किड कॉमिक क्लब ही यातलीच फांदी, २०२० ते २०२३ मध्ये आलेली पाच पुस्तकं, ज्यात लिल पीटी आणि फ्लिपी नावाचा मासा बेडकाच्या एकवीस पिल्लांना कॉमिक काढायला शिकवतात. ही पिल्लं डॉग मॅनच्या आठव्यात येतात, तेव्हा आठवं वाचून मग कॅट किड घ्या.

सिनेमाबद्दल एकच. २०१७ चा ड्रीमवर्क्सचा सिनेमा पहिल्या पुस्तकाची सुरुवात, चौथ्यातला प्रोफेसर आणि दुसऱ्यातलं टॉयलेट यांची मिसळ आहे. तो आधी बघितला तर चौथ्यातला नावाचा विनोद फुटलेला असतो, म्हणून चार पुस्तकं होईपर्यंत थांबता आलं तर थांबा. नाही थांबता आलं तरी आकाश कोसळत नाही.

काही पालक हे सगळं वाचून म्हणतील की शेंबूड, संडास, चड्डी, हे काय मुलांना द्यायचं? तुम्ही एकटे नाही, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं ज्या पुस्तकांवर सगळ्यात जास्त आक्षेप आले ती हीच. माझं मत विचाराल तर जे पोर एरवी पुस्तकाला हात लावत नाही ते बारा पुस्तकं ओळीने संपवत असेल तर संडास चालेल मला. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आणि एक, घेताना शक्यतो कागदाचंच घ्या, याचं कारण फ्लिप-ओ-रामा. मारामारीच्या प्रसंगाला लेखक आधी गंभीर चेहऱ्याने इशारा देतो की पुढे भयंकर हिंसा आहे, मग पान असं येतं: डावा हात इथे ठेवा, उजवा अंगठा इथे. उजवं पान चिमटीत धरून भराभर उघडायचं-मिटायचं, खालचं चित्र आणि वरचं चित्र आलटून पालटून दिसतात आणि कॅप्टन समोरच्याला खरोखर ठोसे मारताना दिसतो. तोंडाने आवाज आपणच काढायचे. स्क्रीनवर यातलं काही होत नाही. जुनं पुस्तक कोणाकडून घेत असाल तर आधी हीच पानं तपासा, फाटतात तीच पहिल्यांदा. मूळ पुस्तकं काळ्या-पांढऱ्या चित्रांची आहेत, नंतर रंगीत आवृत्त्याही आल्या, गोष्ट तीच, तेव्हा दोन्ही प्रकार मिसळले तरी चालतं.

आमच्याकडच्या चौथ्याचं असंच एक पान सुटून आलंय, त्याला दोन्ही बाजूंनी सेलोटेप मारलेली आहे, त्यामुळे ते आता नीट मागे-पुढे होत नाही आणि प्रोफेसरला ठोसा बसायच्या ऐवजी तो नुसता अर्ध्यावर थरथरत उभा राहतो. भाच्याला ते मूळपेक्षा जास्त आवडतं.